भूकंपाला जात नसते म्हणणाऱ्यांनो

दरवर्षी ३० सप्टेंबर आला की हे वाक्य कुठं ना कुठं छापून येतं. भूकंपाला जात नसते, धर्म नसतो, तो सगळ्यांना सारखाच मारतो. वाचणारा मान डोलावतो, लिहिणारा मानधन घेतो आणि पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत सगळे गार.

आम्ही म्हणतो, बरोबर आहे. भूकंपाला जात नसते. दगड पडताना सातबारा बघत नाही. पण दगड पडण्याच्या आधी भिंत कुणी बांधली, कुणाची बांधली, आणि दगड पडल्यावर तो उचलायला कोण आलं, कुणाकडं आधी गेलं, मढी कुणाच्या खांद्यावर दिली, नुकसानीच्या यादीत कुणाचं नाव चढलं, या सगळ्याला जात असते. भूकंप काही सेकंदांचा. त्याच्या आधीची शेकडो वर्षं आणि त्याच्या नंतरची तीसहून जास्त वर्षं माणसाची. तिथं बोला.

आधी किल्लारीचा हिशेब मांडू. १९९३, ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून गावं नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर जमीन हलली. सरकारी आकड्यानं ७,९२८ माणसं मेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली. सरकारच्या नकाशात हा मुलूख तेव्हा झोन एकमध्ये होता. झोन एक म्हणजे सगळ्यांत कमी धोका. म्हणजे कागद सांगत होता, निवांत झोपा. २००२ साली नवा नकाशा आला आणि त्यात झोन एक हा प्रकारच काढून टाकला. माणसं मेल्यावर नकाशा शहाणा झाला.

मारलं कुणी? माळवदानं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडाच्या भिंती, मधे चिखल, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर दरसाल चढवलेला मातीचा थर. ऊन लागू नये, चोर येऊ नये, आणि गावात मान राहावा म्हणून बांधलेले वाडे. ते वाडे मालकाच्या छातीवर बसले. आणि गावाबाहेर, ज्यांना दगडी वाडा बांधायची ऐपतही नव्हती आणि मुभाही नव्हती, त्यांच्या डोक्यावर कूड होता, पत्रा होता, पाचट होतं. त्यांच्यातले पुष्कळ वाचले. आम्हाला यात आनंद नाही. मेलेल्या पोराची जात आम्ही विचारत नाही. पण एवढं लिहून ठेवा की त्या रात्री गरिबीनं माणसं वाचवली होती.

मग सरकार आलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं. नवी गावं आखली. आणि घर कुणाला किती? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. वाचा पुन्हा. घर माणसं मोजून दिलं नाही, जमीन मोजून दिलं. भूमिहीनाच्या घरात आठ खाणारी तोंडं असोत, त्याला २५०. मोठ्या खातेदाराच्या घरात तिघं उरले असोत, त्याला ७५०. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे आम्ही सांगायला पाहिजे का? जमिनीनं एका रात्रीत सगळे उघड्यावर आणले होते, सरकारनं फूटपट्टी घेऊन सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागी बसवलं.

आता म्हणा, भूकंपाला जात नसते.

पण आज आम्हाला घरावर बोलायचं नाही. आज बोलायचंय दवाखान्यावर. आणि किल्लारीवर नाही, बीडवर.

बीड का? कारण बीड लातूरला आणि धाराशिवला खेटून आहे. अंबाजोगाईहून लातूर पन्नासेक किलोमीटर, तिथून किल्लारी आणखी चाळीसेक. जमिनीच्या पोटाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा. मराठवाडा काही मेलेला दगड नाही. उद्या बीडमध्ये होईल असं कुणीही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, होणार नाही असंही सांगू शकत नाही. १९९३ च्या आधी किल्लारीबद्दलही कुणी सांगितलं नव्हतं.

बीडची तयारी काय आहे हे बघायला भूकंपाची वाट बघायची गरज नाही. परीक्षा झालेली आहे. एप्रिल २०२१. अंबाजोगाई. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून जे मिरवतात, त्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून करोनानं मेलेल्यांची २२ मढी एका रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेली. एकावर एक. फोटो देशभर फिरले. कारण काय दिलं? रुग्णवाहिका कमी आहेत. त्याच महिन्यात तिथं एका चितेवर आठ जणांना जाळलं होतं, जागा नाही म्हणून. हे ध्यानात घ्या की करोना हळू येत होता. वर्षभर आधी सांगून येत होता. रोजचा आकडा छापून येत होता. भूकंप वर्षभराचं काम एका मिनिटात टाकतो, तेही पहाटे, तेही वीज गेलेली, रस्ता फुटलेला. ज्यांना सांगून आलेल्या मरणाला गाडी पुरवता आली नाही, ते न सांगता आलेल्याला काय पुरवणार?

आम्ही तिथल्या डॉक्टरला, नर्सला शिव्या देत नाही. ती माणसं राबली. आम्ही बोलतोय त्यांच्या डोक्यावर बसलेल्यांशी.

कायदा नाही असं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्ह्याचा आराखडा कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली करायचा असतो. कलम १२ म्हणतं, आपत्तीत निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय मदत, स्वच्छता यांचं किमान माप ठरवा. कलम ६१ म्हणतं, मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेद करायचा नाही. म्हणजे दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं की भेद होतो. भूजला २००१ साली झाला, त्सुनामीत २००४ साली झाला, म्हणून २००५ च्या कायद्यात कलम घालावं लागलं. आणि आमचे लेखक लोक अजून लिहितात, भूकंपाला जात नसते.

भूजचं आणखी एक घ्या. २६ जानेवारी २००१. जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालयच कोसळलं. ज्यांनी जखमींना वाचवायचं ते ढिगाऱ्याखाली. जखमी मैदानात, उघड्यावर. तेव्हा आमचा पहिला सवाल साधा आहे. बीड जिल्ह्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं महाविद्यालय, या इमारती धक्का सोसतील का? कुणी तपासल्या? कधी? कागद दाखवा.

गेल्या दिवाळीत मी एका आरोग्य केंद्रात गेलो होतो. तालुक्याचं नाव घेत नाही, बाई नोकरी करते, तिच्या पोटावर पाय नको. विचारलं, भूकंप झाला तर तुमच्याकडं काय आहे? ती हसली. म्हणाली, "दादा, इथं साधा ताप आला तर दुपारच्यानंतर माणूस सापडत नाही, तुम्ही भूकंपाचं काय घेऊन बसलात?" मग कपाट दाखवलं. कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडं तो शहरात राहतो. म्हणजे औषध गावात, किल्ली शहरात. यालाच तयारी म्हणायचं असेल तर म्हणा.

आता नीट ऐका, कारण इथून पुढं भाषण नाही, काम आहे.

भूकंपात माणूस कसा मरतो? काही तिथंच मरतात, डोकं फुटून, छाती दबून, नाकातोंडात माती जाऊन. त्यांना कुणी वाचवू शकत नाही. त्यांच्यासाठी घर आधी सुधारायला पाहिजे होतं. पण खूप जण तासातासानं मरतात. त्यांना वाचवता येतं. आणि त्यांना वाचवायला दिल्ली येत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याकडची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून अंबाजोगाई तीनशे किलोमीटरच्या पुढं. राज्याच्या दलाचे तळ धुळ्याला आणि नागपूरला. हुकूम सुटणं, गाडी भरणं, रस्ता मिळणं, सगळं सुरळीत झालं तरी सहा तास गेले. जगात सगळीकडं हाच अनुभव आहे की ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली बहुतेक माणसं शेजाऱ्यांनी काढलेली असतात. पहिले सहा तास सरकारचे नाहीत. ते गावाचे आहेत, वस्तीचे आहेत.

पण वस्तीला कुणी काय शिकवलं?

एकाच्या मांडीवर दगड पडलाय. चार-पाच तास. तो बोलतोय, पाणी मागतोय. चार पोरं जोर लावून दगड काढतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि थोड्या वेळात तो मरतो. लोक म्हणतात, नशीब. नशीब नाही. दबलेल्या मांडीतलं मांस मेलेलं असतं. दगड निघाला की त्या मांसातलं पोटॅशियम आणि बाकीचं विष रक्तातून हृदयाकडं धावतं. हृदय बंद पडतं. तिथून वाचला तर दोन दिवसांनी मूत्रपिंड बंद पडतं, लघवी काळ्या चहासारखी होते. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरनं हे लिहून ठेवलंय. उपाय काय? दगड उचलायच्या आधीच शिरेतून सलाईन सुरू करायचं. साधं मिठाचं सलाईन. आरएल नाही, त्यात पोटॅशियम असतं. ही सुई नर्सनं, डॉक्टरनं लावायची, आपण नाही. पण बराच वेळ दबलेला माणूस दिसला की दगडाला हात घालण्याआधी नर्सला हाक मारायची, हे तर आपल्याला कळायला पाहिजे. नर्स येणारच नसेल तर माणूस दगडाखाली ठेवायचा नाही, हेही खरं. नुकता दबलेला असेल तर तर लगेच काढायचा. एवढं ज्ञान वस्तीत पोचवायला किती खर्च येतो? एका मंत्र्याच्या हाराएवढा?

आणि पुढं डायलिसिस लागतं. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा शेकडो लोकांची मूत्रपिंडं बंद पडली आणि यंत्रं पुरेनात. जगभरच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी त्यानंतर अशा वेळेसाठी पथक उभं केलं. बीड जिल्ह्यात डायलिसिसची यंत्रं किती, सरकारी किती, खाजगी किती, वीज गेली तर किती चालतील, त्यांची यादी आराखड्यात आहे का? विचारा.

दुसरं. पाठीचा कणा. हातपाय धरून मढं उचलावं तसा जिवंत माणूस उचलतात आणि जो आधार दिला असता तर चालला असता तो आयुष्यभर अंथरुणाला खिळतो. कवाड काढा, फळी घ्या, मान धरून सरळ सरकवा. चौघांनी एका दमात. याला डिग्री लागत नाही, सराव लागतो.

तिसरं. धनुर्वात. मातीत चिरडलेली जखम म्हणजे धनुर्वाताला आवतण. बायांना बाळंतपणाच्या वेळी इंजेक्शन मिळतं, पोरांना शाळेत मिळतं, चाळिशीच्या बाप्याला शेवटचं कधी टोचलं ते त्यालाही आठवत नाही. किती डोस साठ्यात आहेत?

चौथं. पाणी. विहिरीची बांडी ढासळते, नळ फुटतो. टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओल धरून पडलेली असते, तिच्यात दम उरलेला नसतो. आणि उरलेला एकच हातपंप चालू असेल तर तो गावठाणात असेल की वस्तीत? आपत्तीत रांग कुणाची आधी? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. आज ढिगाऱ्याच्या गावात ती ओंजळ पुन्हा अडवली जाणार नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगतो? टँकर वस्तीतही उभा राहिला पाहिजे, हे आधीच लिहून घ्या.

पाचवं, आणि हे आमच्या वर्मी लागणारं. मढी. भूकंपानंतर पहिली आरोळी उठते, मढी जाळा नाहीतर रोगराई येईल. हे खोटं आहे. दगडाखाली मेलेल्या धडधाकट माणसाच्या मढ्यातून साथ येत नाही, जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगतेय. साथ येते ती जिवंत माणसाच्या घाण पाण्यातून, दाटीतून, हागणदारीतून. पण घाई करून ढिगानं जाळलं की ओळख जाते. ओळख गेली की दाखला नाही, दाखला नाही की भरपाई नाही. ज्याच्याकडं सातबारा नाही, त्याच्याकडं मेल्याचाही पुरावा उरत नाही. आधी फोटो, खूण, नंबर, मग अग्नी.

आणि ही मढी ओढणार कोण? मयताचा सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, सरणाचं लाकूड वाहणं, ही गावकीची कामं कुणाच्या गळ्यात होती ते आमच्या आज्यांना विचारा. त्सुनामीनंतर नागपट्टिणमला मढी काढायला बाहेरगावचे सफाई कामगार आणले होते, ते कुठल्या जातीचे होते ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. आम्ही मढ्याला हात लावणार नाही असं म्हणत नाही. माणसाला माणसानं पोचवायचंच असतं. पण मग सगळ्या गावानं पोचवायचं. हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन, मजुरी, आणि ड्यूटीच्या यादीत सगळ्या आडनावांची पोरं. एकाच गल्लीतली नाही.

आता बीडची खास गोष्ट. हा जिल्हा वर्षातून सहा महिने अर्धा रिकामा असतो. दसरा झाला की कोयता निघतो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, लेकरं पाठीवर, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. मागं घरी राहतात म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरं. किल्लारीचा भूकंप सप्टेंबरात झाला. समजा बीडचा जानेवारीत झाला तर? तर दगड उचलायला गावात दंडच नाहीत. म्हातारी दबलेली, आणि तिला काढायला सात वर्षांचा नातू. सरकारच्या कुठल्याही आराखड्यात गावाची एकच लोकसंख्या असते. बीडला दोन लागतात. एक यादी दिवाळीआधीची, एक दिवाळीनंतरची. कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, कुठल्या घरात तीन पोरं एकटी आहेत, ही दुसरी यादी आशाताईला तोंडपाठ असते. तिला विचारा. तिला मानधनही वाढवून द्या, पण आधी विचारा तरी.

आणि हे म्हणू नका की बीडमध्ये शस्त्रक्रियेची सोय नाही. आहे. २०१९ साली सरकारच्याच समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तेवढ्या बायांच्या पोटाला टाके घालायला जिल्ह्यात टेबलं होती, भूल देणारे होते, खाटा होत्या. त्यातली बरीचशी खाजगी दवाखान्यांत. मग भूकंपाच्या दिवशी तीच टेबलं कुठं असतील? कायद्याच्या कलम ६५ नं जिल्हा प्राधिकरण साधनं, जागा, गाड्या ताब्यात घेऊ शकतं. त्या दवाखान्यांची यादी करा. आमच्या आयांच्या पोटावर ज्यांनी मजले चढवले, त्यांचं एक टेबल एका रात्रीपुरतं आमच्या जखमींना लागू द्या.

आता थोडं आपल्याच लोकांशी. आपल्यातला एक मित्र मला म्हणाला, "काय लावलंय भूकंप-बिकंप, हे एनजीओवाल्यांचे धंदे, आपला प्रश्न अत्याचाराचा आहे." दोस्ता, अत्याचार फक्त कुऱ्हाडीनं होत नाही. कुलूप लावलेल्या कपाटानंही होतो. आणि तू मुंबईत, पुण्यात, संभाजीनगरात खोलीवर बसून हे बोलतोस, तुझी आजी केजला, धारूरला, वडवणीला आहे. तिच्या घराला आता कूड नाही. आपण चार पैसे मिळवले, वीट घातली, स्लॅब टाकला, किंवा पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ओळीनं धोंडे ठेवले. ते धोंडे कुणाच्या डोक्यावर येणार? १९९३ ला गरिबीनं वाचवलं. आता तेवढे गरीब आपण राहिलो नाही, आणि घर बांधताना कोपऱ्यात सळई आणि भिंतीला पट्टा टाकण्याएवढे शहाणेही झालो नाही. मधल्या मधे लटकलोय.

कुणी म्हणेल, अडाणी वस्तीला हे जमेल का? बीडच्या शिवेला लागून जामखेड आहे. तिथं १९७० पासून आरोळे दांपत्यानं अक्षर न येणाऱ्या खेड्यातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांत कितीतरी दलित बाया होत्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता त्या बाया सवर्णांच्या घरात बाळंतपणं करायला लागल्या. जमतं. शिकवणारा पाहिजे, आणि शिकवायची लाज नको.

तेव्हा या दिवाळीला गावाला जाल तर नुसते फटाके आणि फराळ नको. तीन कामं करा. एक, माहितीच्या अधिकारात जिल्ह्याचा आपत्ती आराखडा मागा, आणि त्यात तुमच्या वस्तीचं नाव आहे का ते बोट ठेवून शोधा. दोन, आरोग्य केंद्रात जाऊन चार गोष्टी विचारा: मिठाचं सलाईन किती, धनुर्वाताचे डोस किती, कपाटाची किल्ली रात्री कुणाकडं, इमारत कुणी तपासली. उत्तर लेखी घ्या. तीन, वस्तीतली दहा पोरंपोरी निवडा, त्यांत निम्म्या पोरी, कारण कोयता गेल्यावर गावात राहतात त्या शिकणाऱ्या पोरीच. त्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण द्या म्हणून तालुक्याला मोर्चा न्या. मोर्चा नेमका याच मागणीचा. तहसीलदार चक्रावेल. चक्रावू द्या.

आम्हाला मेल्यावर मदत नको, जगायची तयारी पाहिजे. आणि ती भीक म्हणून नाही, कलम दाखवून.

भूकंपाला जात नसते म्हणणाऱ्यांनो, तुमचं वाक्य खरं करायचं असेल तर ती किल्ली आधी गावात आणा.

जय भीम.